जुन्या मेमरी कार्डमधली गाणी ॲपवर का सापडत नाहीत?

जिओ येण्याआधी, म्हणजे २०१६ च्या आधी, माजलगावात आमच्या पिढीची प्लेलिस्ट मोबाईल शॉपीत तयार व्हायची. मेमरी कार्ड द्यायचं आणि 'गाणी भरून द्या' म्हणायचं. हिंदी गाण्यांसोबत गावाकडच्या गायकांची भीमगीतं, लोकगीतं, वरातीतले डीजे रिमिक्सही यायचे. मोठ्या कंपनीशिवाय बनलेली ही गाणी म्हणजे आपलं इंडी म्युझिकच!

मग आता ती का सापडत नाहीत?

म्युझिक ॲपवर गाणं आपोआप येत नाही. गायकाने, कंपनीने किंवा डिस्ट्रिब्युटरने ते टाकावं लागतं. अनेक गाण्यांसाठी हे कुणी केलंच नाही. त्यात फाइलचं नाव 'न्यू डीजे ०७' असेल, तर सर्च तरी काय करणार?

ऑनलाइन असलं म्हणजे सेफ?

तसंही नाही. २०१९ मध्ये मायस्पेस या साइटने कबूल केलं, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंतची गाणी गेली. जगभरच्या नवख्या बँडची ती गाणी होती. त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार नंतर इंटरनेट आर्काइव्हवर परत आली. कारण एवढंच, की कुणीतरी आधी कॉपी करून ठेवली होती.

कार्डचं काय?

कार्डमध्ये गाणं बारीक सेलमधल्या विद्युतभाराच्या रूपात असतं. कार्ड वर्षानुवर्षं पडून राहिलं की हा भार हळूहळू गळतो आणि फाइल खराब होऊ शकते. म्हणून वाट बघू नका.

काय करायचं?

१. कार्ड रीडरने कार्ड जोडा. 'फॉरमॅट करा' असा मेसेज आला तर अजिबात ओके करू नका.

२. आधी सगळं कॉपी करा, निवडानिवड नंतर.

३. १२८ केबीपीएसचं गाणं ३२० मध्ये कन्व्हर्ट करू नका. एमपीथ्री बनताना गेलेला आवाज परत येत नाही, फक्त साइज वाढते.

४. टॅग एडिटरमध्ये गायक, गाव, वर्ष लिहा. माहीत नसेल तर घरातल्या मोठ्यांना विचारा.

५. एक कॉपी पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर ठेवा. २ जीबी कार्डात पाच मिनिटांची सुमारे ४०० गाणी मावतात, म्हणजे १५ जीबीच्या फ्री गूगल ड्राइव्हमध्ये ती आरामात बसतील.

गाणं यूट्यूबवर टाकायचं असेल, तर आधी गायकाला शोधून परवानगी घ्या. कदाचित त्याच्याकडेही ते उरलं नसेल.