गोवराची लस श्वासावाटे

आंबेगावात आहुप्याकडे किंवा जुन्नरात नाणेघाटाच्या वाड्यांवर गोवराची लस न्यायची ती बर्फाच्या डब्यातून. द्रावणात मिसळल्यावर ती चार तासांत संपवावी लागते. शिवाय टोचणारा शिकलेला हात हवा, वापरलेल्या सुया जपून नष्ट करायला हव्यात. निदान सुई तरी टाळता येईल का?

तोंडावाटे द्यायची पोलिओ लस तयार करणारे विषाणुतज्ज्ञ आल्बर्ट सेबिन यांनी उतारवयात हाच प्रश्न हाती घेतला. गोवर श्वासावाटे शिरतो. मग त्याचा दुबळा केलेला विषाणूही त्याच वाटेने का देऊ नये? त्यांचा आणखी एक हेतू होता. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात काही महिने टिकतात आणि टोचलेल्या लशीतला विषाणू निकामी करतात. म्हणूनच आपण नऊ महिने थांबतो. श्वासमार्गात ही अडचण कमी यावी, असा त्यांचा तर्क होता. मेक्सिकोत होर्हे फर्नांदेझ द कास्त्रो यांच्यासह केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष 1983 साली प्रसिद्ध झाले. ते उत्साह वाढवणारे होते.

पुढे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत, 9 ते 12 महिन्यांच्या सुमारे 2000 बाळांवर याची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना लस टोचली, निम्म्यांना फवाऱ्याने हुंगवली. तीन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडे तपासली. टोचलेल्यांत सुमारे 95 टक्के बाळांत ती पुरेशी आढळली, फवारा घेतलेल्यांत सुमारे 85 टक्के. हे 2015 साली प्रसिद्ध झाले.

आम्हा शिक्षकांना 85 म्हणजे उत्तम गुण वाटतील! पण गोवराचा एक रोगी, कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, 12 ते 18 जणांना रोग देतो. म्हणून 100 पैकी 95 सुरक्षित लागतात. इथे असुरक्षित बाळे 5 ऐवजी 15, म्हणजे तिप्पट! फवारा नापास ठरला.

गंमत अशी, की आधी लस घेतलेल्या शाळकरी मुलांत फवारा चांगला चालतो. त्यांच्या शरीरात विषाणूची ओळख ठेवणाऱ्या पेशी असतात, थोडी आठवण पुरते. बाळाची ही पहिलीच भेट. त्यात श्वास उथळ, रडारड. बहुधा लस आत पुरेशी पोचत नसावी.

तेव्हा आजही नऊ महिने पूर्ण झाल्यावर दंडावर सुईच. मात्र गांबियात सूक्ष्म काट्यांची पट्टी त्वचेवर चिकटवून पाहिली. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत बाळांची प्रतिपिंडे टोचलेल्यांच्या तोडीची निघाली.