चारांत एक, पण कितवा?

विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलच्या घरात एक हिशेब मांडला जातो: "पहिलं लेकरू आजारी निघालं, म्हणजे आता पुढची तिघं चांगली." हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याच्या वेदना पुढच्या लेकराला सोसाव्या लागतात.

आई-वडील दोघेही वाहक (एएस) असतील, तर मूल ग्रस्त (एसएस) होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० आणि ग्रस्तही नाही आणि वाहकही नाही असे असण्याची २५. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने लागू होते. नाणे दरवेळी नव्याने उडते, आधी काय पडले हे त्याला ठाऊक नसते. म्हणून ओळीने दोन मुले ग्रस्त निघू शकतात आणि चारही निरोगी असू शकतात.

दुसरा गैरसमज मला जास्त छळतो, कारण तो एका बाईच्या माथी मारला जातो: "हे दुखणं सुनेच्या माहेरून आलं." आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, प्रत्येक जोडीतले एक आईकडून येते, एक वडिलांकडून. हिमोग्लोबिनचा एक भाग घडवणारे जनुक ११व्या गुणसूत्रावर आहे. त्यात एकच अक्षर बदलते, पण तेवढ्याने ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिन एकमेकांत गुंफून कडक होते आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडे-सांधे असह्य दुखतात. एसएस मुलाकडे अशी बदललेली जनुके दोन असतात: एक आईचे, एक वडिलांचे. माहेर आणि सासर, दोन्हींचा वाटा अगदी सारखा.

वाहक म्हणजे अर्धा आजारी, हेही खरे नाही. एएसचा एसएस कधी होत नाही. उलट वाहकांना लहानपणी जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. मलेरियाच्या मुलखात हे जनुक टिकले ते त्यामुळेच. आणि ते फक्त आदिवासींतच असते असे नाही, विदर्भातल्या इतर समाजांतही आढळते.

गावातली साधी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात बदललेले 'एस' हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. एएस की एसएस, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीने कळते. ती चाचणी लग्न ठरवण्याआधी दोघांनीही करावी. वाहक मुलीचे स्थळ मात्र त्यासाठी नाकारू नये: जोडीदाराचे हिमोग्लोबिन सामान्य असेल, तर त्यांचे एकही मूल सिकलसेलग्रस्त होत नाही.