पाणजूला गाडी थांबत असे

बोरिवलीहून विरार लोकल सुटली की दहिसर, मीरा रोड, भाईंदर मागे पडतात आणि खाडी येते. वारा खारट होतो. दारातला कुणीतरी निर्माल्याची पिशवी काढून पाण्याकडे भिरकावतो. एक पूल संपतो, रूळ थोडा वेळ जमिनीवर येतात आणि लगेच दुसऱ्या पुलावर चढतात. मधली ती जमीन म्हणजे पाणजू बेट. गाडी तिथे थांबत नाही, पण एकेकाळी थांबत असे.

१२ एप्रिल १८६७ रोजी बी.बी.सी.आय. रेल्वेने विरार ते बॅक बे अशी रोजची गाडी सुरू केली. सकाळी पावणेसातला ती विरारहून निघे आणि संध्याकाळी साडेपाचला परतीला लागे. दिवसाकाठी एक जाणं, एक येणं. तिच्या थांब्यांची नावं वाचताना मजा येते: नीला, बसीन, पाणजू, बेरेवला, पहाडी, अंडारू. साहेबाच्या कानाला जे ऐकू आलं ते त्याने लिहून ठेवलं. नीला म्हणजे नालासोपारा, बसीन म्हणजे वसई, बेरेवला आपली बोरिवली आणि अंडारू अंधेरी. पहाडीच्या जागी आज गोरेगाव आहे. पण तिथल्या इमारतींच्या मालमत्तेच्या कागदांवर ‘मौजे पहाडी’ अजून सापडतं. यादीत पाणजूनंतर थेट बोरिवली येते. दहिसर, भाईंदर तर नाहीतच, मालाड आणि कांदिवलीही नाहीत.

पुढे खाडीच्या दोन काठांवर भाईंदर आणि नायगाव ही स्टेशनं झाली आणि मधलं पाणजू यादीतून गळालं. पाणजूकरांना आता नायगाव गाठायचं तर होडी, नाहीतर रेल्वे पुलाच्या कडेची अरुंद वाट. त्या वाटेवर धावत्या गाडीतून फेकलेला नारळ लागून माणसं जखमी झाली आहेत, जीवही गेला आहे. डब्यातला हात जोडून मोकळा होतो. खाली गाव आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

खाडीच्या अलीकडचा हा सगळा मुलूख साष्टीचा. सहासष्ट गावं म्हणून साष्टी, अशी नावाची फोड सांगतात. १५३४ मध्ये तो पोर्तुगीजांकडे गेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी. तीन सत्तांचं लक्ष खाडीवरच होतं, कारण माणसं आणि माल पाण्यावरून यायचा. लढायाही पाण्यावर व्हायच्या, या सत्तांच्याही आधीपासून. बोरिवली पश्चिमेला एकसरच्या वस्तीत वीरगळ उभे आहेत. काहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेली गलबतं कोरली आहेत. शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा महादेव यादव यांच्यातल्या आरमारी लढाईशी अभ्यासक त्यांचा संबंध जोडतात. स्टेशनवरून रिक्षाने जाता येतं, पण रिक्षावाल्याला ‘वीरगळ’ म्हणून चालत नाही, आसपासची खूण सांगावी लागते.

१९२८ मध्ये विजेची गाडी बोरिवलीपर्यंत आली, १९३६ मध्ये विरारला पोचली. बृहन्मुंबईची हद्द मात्र १९५७ मध्ये दहिसर आणि मुलुंडपर्यंत सरकली. म्हणजे शहर आधी गाडीने आलं, पालिका मागाहून. गाडी जिथे थांबली तिथलं गाव चाळींत, मग सोसायट्यांत विरघळलं. वझिरा, शिंपोली, मागाठाणे ही आता बसच्या पाटीवरची नावं झाली आहेत. दहिसर नदीचंही तेच. तुळशीच्या डोंगरातून निघून ती राष्ट्रीय उद्यानातून खाली उतरते, तिथपर्यंत नदी असते. वस्तीत शिरली की लोक तिला नाला म्हणू लागतात.

गोराईला गाडी कधी गेलीच नाही. गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत, पण मुंबईच्या जमिनीला जोडलेलं नाही. गाडीरस्त्याने जायचं तर दहिसर चेकनाका ओलांडून ठाणे जिल्ह्यात शिरायचं, मीरा रोड, भाईंदर आणि उत्तन असा वळसा घालायचा आणि मग पुन्हा मुंबईत यायचं. आपल्याच पालिकेतल्या गावाला जायला जिल्हा बदलावा लागतो! नाहीतर बोरिवलीहून बस, गोराई खाडीचा धक्का आणि होडी. खाडी काही मिनिटांचीच. पलीकडे कोळी आहेत, ईस्ट इंडियन ख्रिश्चन आहेत. या दुसऱ्यांनी हे नाव १८८७ मध्ये, गोव्याच्या ख्रिश्चनांहून आपण वेगळे हे कळावं म्हणून घेतलं. बोली मात्र मराठीचीच. १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड आलं, २००९ मध्ये विपश्यना पॅगोडा. त्याचा सोनेरी घुमट बोरिवलीच्या गच्च्यांवरून दिसतो. पर्यटक तिथे उतरतात आणि तिथूनच परततात. गाव बाजूलाच राहतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई आणि भाईंदरमध्ये रो-रो बोट सुरू झाली. मोटारी पुन्हा पाण्यावरून जाऊ लागल्या, पाणजूच्या शेजारून. गोराईच्या होडीत अजून स्कूटर चढवतात. ओहोटी असली की धक्क्याची उतरण निसरडी होते. तेव्हा मालक पुढून हँडल धरतो आणि मागून जो असेल तो ढकलतो. परवा तो मी होतो.