बोटभर सैनिक

दिवसभर यंत्रापुढे राबलेला माणूस रात्री पुन्हा हाताला काम का मागतो? आम्हां युनियनवाल्यांना वाटते, इथे वस्तू पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच्याच हातची असते, म्हणून.

इंग्लंडात सिटाडेल कंपनी १९७९ पासून राक्षस, बुटके, जादूगार अशा कल्पित सैन्याच्या मूर्ती काढू लागली; १९८३ साली वॉरहॅमर हा खेळ आला. मूर्ती जेमतेम इंचभर. आधी अस्तर द्यावे, नाहीतर रंग धरत नाही. मग पातळ रंगाचे दोन हात; दाट रंगाने नाकडोळे बुजतात. गडद पाणीदार रंग खाचांत उतरून सावली धरतो. तो सुकला की जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग उंचवट्यांवर घासावा. शेवटी बैठक : चकतीला गोंद, त्यावर वाळू, वर गवताचा भुसा. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या पोरांना हे शिकवायला नको.

मात्र कुंचल्याचे टोक ओठांत धरून बारीक करण्याची खोड अनेकांना असते, तिच्यापुढे आम्ही हात जोडतो. न्यू जर्सीत घड्याळांच्या तबकड्या रेडियमने रंगवणाऱ्या मुलींना कारखान्यात हेच शिकवले होते. जबडे सडून कित्येकजणी गेल्या. दावा लावणाऱ्या पाचजणींशी तडजोड व्हायला १९२८ साल उजाडले. छंदाच्या रंगात रेडियम नसते, हे खरे. पण जुन्या धातूच्या मूर्तींत शिसे असते. त्या कानशीने घासल्यास धूळ ओल्या फडक्याने टिपावी, हात धुवावेत. आणि चहाचा कप रंगाच्या पाण्याशेजारी ठेवू नये. आम्ही एकदा कुंचला भलतीकडेच बुडवला आहे.