म्हातारीने वाघाला गंडवलं, पण ते पोराला कळलं का? गोष्ट ‘समजली’ हे तपासायचं तरी कसं?

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. ही म्हण ऐकली नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडणं अवघड. परभणीकर ती अभिमानाने सांगतात आणि सांगता सांगता स्वतःच हसतातही.

आता समजा, हीच म्हण चौथीच्या पेपरात आली आणि खाली प्रश्न आला, ‘जगात कोण? भारतात कोण?’ मूल लिहील, जर्मनी आणि परभणी. दोनपैकी दोन मार्क. पण या वाक्यात थोडी बढाई आहे, थोडी थट्टा आहे आणि बोलणारा स्वतःवरच हसतोय, हे त्याला कळलं का? उत्तरपत्रिका बघून ते कुणालाच सांगता येणार नाही.

विनोदी गोष्टीवर प्रश्न काढताना नेमका हाच पेच पडतो. त्यातही गोष्ट फसवाफसवीची असेल, तर पेच आणखी वाढतो. कारण अशा गोष्टीत जे लिहिलेलं असतं ते खरं नसतं आणि जे खरं असतं ते बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

फसवणुकीची गोष्ट अवघड का जाते?

साध्या गोष्टीत राजू बाजारात गेला म्हणजे गेला. वाचणाऱ्याला एकच चित्र डोक्यात ठेवायचं असतं.

फसवाफसवीच्या गोष्टीत मात्र तीन चित्रं एकाच वेळी सांभाळावी लागतात. फसवणाऱ्याला काय माहीत आहे, फसणाऱ्याला काय वाटतंय आणि खरं काय आहे. या तिन्हींमध्ये जे अंतर असतं, त्यातूनच हसू येतं. एक चित्र जरी निसटलं तरी विनोद गेला.

लहान मुलांना हे केव्हा जमायला लागतं, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. 1983 साली हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर या दोन संशोधकांनी केलेला एक प्रयोग त्यात प्रसिद्ध आहे. मुलांना एक छोटी गोष्ट सांगितली. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो. तो नसताना आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. आता मुलगा परत आल्यावर चॉकलेट कुठे शोधेल?

तीन वर्षांची मुलं बहुतेक वेळा दुसरं कपाट दाखवतात. चॉकलेट तिथे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असतं, म्हणून त्या मुलालाही माहीत असणार असं त्यांना वाटतं. पुढे चार-पाच वर्षांच्या आसपास बरोबर उत्तरं यायला लागतात.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे थाप आणि थट्टा यातला फरक. 1991 साली एलन विनर आणि सू लीकम यांनी मुलांना हा फरक कसा कळतो याचा अभ्यास केला. खोटं बोलणारा आणि चेष्टा करणारा, दोघेही खरं नसलेलंच बोलतात. पण खोटं बोलणाऱ्याला समोरच्याने विश्वास ठेवायला हवा असतो. चेष्टा करणाऱ्याला मात्र समोरच्याने ते ओळखायला हवं असतं. म्हणजे वाक्य तेच, हेतू उलटा. आणि हेतू काही शब्दांत छापलेला नसतो.

मराठीत तर आणखी एक गंमत आहे. आपण माणसाला फसवतो तेव्हा त्याला शेंडी लावतो, टोपी घालतो, चुना लावतो. हे शब्द ज्या घरात रोज कानावर पडतात, तिथलं मूल लगेच हसतं. ज्याच्या घरात ते बोलले जात नाहीत, ते मूल खरोखरची टोपी शोधत बसतं.

भोपळ्यातल्या म्हातारीचा पेपर

आता एक गोष्ट घेऊ. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. मराठी घरात ही माहीत नसलेलं मूल विरळाच. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत वाघ अडवतो. काही घरांत सोबत कोल्हा असतो, काही घरांत अस्वल. म्हातारी म्हणते, आत्ता मी हाडकुळी आहे, लेकीकडे खाऊन-पिऊन जाड होऊन येते, मग खा. वाघ सोडून देतो. परत येताना म्हातारी भोपळ्यात बसते आणि वाघाच्या नाकासमोरून निघून जाते.

या गोष्टीवर चार प्रकारचे प्रश्न निघू शकतात.

पहिला : म्हातारी कुठे निघाली होती? उत्तर गोष्टीत सरळ दिलेलं आहे. शोधायचं आणि लिहायचं.

दुसरा : वाघाने तिला लगेच का खाल्लं नाही? इथे दोन वाक्यं जोडावी लागतात. जाड म्हातारी म्हणजे जास्त मांस. वाघाला हाव सुटली.

तिसरा : म्हातारीला खरंच वाघाकडे परत यायचं होतं का? हे तुला कशावरून वाटतं?

चौथा : म्हातारी खोटं बोलली, ते बरोबर की चूक? तुला वाघाचं हसू आलं की दया?

खरी परीक्षा तिसऱ्या प्रश्नाला आहे. समजा, एखाद्या मुलाने लिहिलं, ‘म्हातारीला जाड व्हायचं होतं, म्हणून ती लेकीकडे गेली.’ या मुलाने गोष्टीतला शब्दन् शब्द वाचलाय. वाचनात अडखळलेलं नाही. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरंही ते बरोबर देईल. पण म्हातारी वाघाला जे म्हणाली ते त्याने खरं मानलं. म्हणजे वाघाबरोबर तेही फसलं!

आणि वर्गात हे मूल हसत असतं बरं का. ‘टुणूक टुणूक’ला सगळा वर्ग हसतो, तेव्हा तेही हसतं. त्यामुळे मुलं हसली म्हणजे गोष्ट कळली, हा हिशोब इथे चुकतो.

जगात हे कसं तपासतात?

चौथीतल्या मुलांच्या वाचनाची ‘पर्ल्स’ नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी 2001 पासून दर पाच वर्षांनी होते. 2021 पर्यंतच्या कोणत्याही फेरीत भारत उतरलेला नाही. पण या चाचणीतले काही उतारे आणि प्रश्न नंतर सगळ्यांसाठी खुले केले जातात. 2011 च्या फेरीतला असाच एक उतारा फसवाफसवीच्या विनोदी गोष्टीचा होता. लेखक डेरेक मन्सन आणि गोष्टीचं नाव ‘एनिमी पाय’. पाय म्हणजे आत सारण भरून भाजलेला एक गोड पदार्थ.

टॉम नावाच्या मुलाला वस्तीत नव्याने आलेला जेरेमी अजिबात आवडत नाही. तो त्याला शत्रू ठरवतो. वडील म्हणतात, काळजी करू नको, माझ्याकडे शत्रूला घालवायचा खास पदार्थ आहे. टॉमला वाटतं, त्यात किडे-माती असलं काहीतरी घाण असणार. पण तो पदार्थ लागू पडायला एक अट असते. टॉमने शत्रूबरोबर एक अख्खा दिवस घालवायचा आणि त्याच्याशी चांगलं वागायचं. दिवसभर खेळून दोघांची दोस्ती होते. संध्याकाळी जेरेमीच्या ताटात तो पदार्थ पडतो, तेव्हा टॉमच घाबरून त्याला थांबवू बघतो. पदार्थ अर्थातच साधा असतो. वडिलांनी पोराला प्रेमाने गंडवलेलं असतं.

यावर सोपे प्रश्न होतेच. गोष्ट कोण सांगतंय, टॉमला जेरेमी शत्रू का वाटला. पण पुढे असंही विचारलं होतं की, वडिलांनी तो पदार्थ खरं तर कशासाठी बनवला? याचं उत्तर गोष्टीत कुठेही सरळ लिहिलेलं नाही. मुलाला ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं होतं. आणखी एक प्रश्न होता, टॉमचे वडील कशा प्रकारचा माणूस आहेत आणि ते त्यांच्या कोणत्या वागण्यावरून दिसतं? नुसतं ‘चांगले’ लिहून पूर्ण गुण नाहीत, गोष्टीतला पुरावा द्यावा लागतो.

या चाचणीच्या तेव्हाच्या आराखड्यात सरळ सापडणाऱ्या उत्तरांना साधारण 20 टक्के वजन होतं. उरलेलं सगळं अनुमान, अर्थ लावणं आणि मत मांडणं यांना.

आपल्याकडे काय तपासलं जातं?

आपल्याकडे वाचनाची चर्चा होते ती बहुतेक वेळा ‘असर’ अहवालाच्या निमित्ताने. 2005 पासून ग्रामीण भारतातल्या घराघरांत जाऊन हे सर्वेक्षण होतं. त्याच्या मुख्य वाचन चाचणीत मूल अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद की दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकतं, हे पाहतात. म्हणजे मोठ्याने वाचता येतं का, इतकंच. ते कळणंही गरजेचंच आहे, कारण वाचताच आलं नाही तर समजायचा प्रश्नच येत नाही. पण ‘गोष्ट वाचता येते’ आणि ‘गोष्ट समजते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बातमीच्या मथळ्यात त्या एक होऊन जातात.

मग येते दहावी. राज्य मंडळाच्या कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत पाठ्यपुस्तकातल्या गद्य उताऱ्यावर 7 गुण असतात. 4 गुण आकलनाच्या कृतींना आणि 3 गुण स्वमताला. आकलन म्हणजे चौकटी पूर्ण करा, आकृती पूर्ण करा, कोण ते लिहा. लाखो पेपर वेळेत आणि एकसारखे तपासायचे तर असे प्रश्न सोयीचे पडतात, हे मान्यच करायला हवं. पण चौकटीत मावतं ते पहिल्या प्रकारचं उत्तर. म्हातारीच्या पोटातलं चौकटीत कसं मावणार?

राहिलं स्वमत. तिथे खरी संधी आहे. पण ‘या पाठातील विनोद तुमच्या शब्दांत स्पष्ट करा’ या प्रश्नाचं उत्तर गाईडमध्ये आधीच तयार असतं. मुलं ते पाठ करतात आणि विनोदाचं उत्तर एकदम गंभीर चेहऱ्याने लिहून येतात.

गंमत म्हणजे मराठीत अशा गोष्टींचा तुटवडा नाही. पुलंचा ‘उपास’ राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात आहे. तिथे माणूस दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःलाच फसवतो. द. मा. मिरासदारांच्या कथांत तर गावंच्या गावं थापांवर चालतात. मिरासदार स्वतः शिक्षक आणि प्राध्यापक होते. 1998 साली परभणीच्या शेजारी परळीत भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. माल भरपूर आहे, प्रश्न तेवढे बदलायचे आहेत.

‘कामून?’ हा प्रश्न

परभणीकडे ‘का?’ला ‘कामून?’ म्हणतात. तिसऱ्या प्रकारचा प्रश्न म्हणजे हाच. म्हातारी असं बोलली, कामून?

इथे भाषेचा मुद्दा येतो. जिंतूरकडच्या तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. शहरातल्या एखाद्या घरात दखनी चालते. बाकीच्यांच्या तोंडी मराठवाडी बोली असते. ‘ती त्याला येड्यात काढू लागली’ असं उत्तर एखाद्याने दिलं, तर त्याला गोष्ट शंभर टक्के समजलेली आहे. ‘म्हातारीने चातुर्याने वाघाची दिशाभूल केली’ हे गाईडचं वाक्य लिहिणाऱ्याला ती समजली असेलच, असं नाही. शुद्धलेखनाचे मार्क वेगळे ठेवले आणि समजण्याचे वेगळे, तर पहिल्या मुलावरचा अन्याय टळतो.

वर्गात किंवा घरी तपासायला फार खटाटोपही लागत नाही.

एक, गोष्ट फसणाऱ्याच्या बाजूने सांगायला लावायची. वाघ घरी गेला आणि वाघिणीने विचारलं, शिकार कुठंय? वाघ काय म्हणेल? ज्याला गोष्ट कळली, त्याचा वाघ ‘ती जाड होऊन येणार आहे’ असं छातीठोकपणे सांगतो. ज्याला कळली नाही, त्याचा वाघ ‘तिने मला फसवलं’ म्हणतो. पण त्या क्षणी वाघाला ते माहीतच नसतं!

दोन, गोष्ट मध्येच थांबवायची. भोपळा दिसलाय, पुढे काय होईल आणि कशावरून?

तीन, प्रश्न मुलांनाच काढायला सांगायचे. पहिले चार ‘कुठे’ आणि ‘कोण’चे येतील. पाचवा बहुतेक ‘कामून’चा असेल.

आणि मग हातात फोन येतो

‘तुमचं वीजबिल थकलंय, आज रात्री लाइट कापणार, लगेच या नंबरवर फोन करा.’ हा मेसेज वाचायला तिसरीचं वाचन पुरतं. पण समोरचा असं कामून म्हणतोय, मी घाई केली तर फायदा कुणाचा, हे विचारायला तिसऱ्या प्रकारचा प्रश्न लागतो. ऑक्टोबर 2024 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये डिजिटल अटकेच्या फसवणुकीबद्दल सावध केलं, तेव्हाही सल्ला हाच होता. थांबा, विचार करा, मग कृती करा. फसवणूक झालीच तर 1930 हा हेल्पलाइन नंबर आहे.

उलटंही घडतं. कुणीतरी थट्टेत लिहिलेली पोस्ट खरी बातमी म्हणून गावभर फिरते. पाठवणाऱ्याला शब्द कळलेले असतात, थट्टा कळलेली नसते.

चौथीत भोपळ्याची गोष्ट नीट विचारली म्हणून मोठेपणी कुणी फसणारच नाही, असं अजिबात नाही. भरपूर शिकलेली माणसंही फसतात. पण बोलणाऱ्याचे शब्द आणि त्याचा हेतू वेगळा असू शकतो, ही सवय लागायला शाळेतल्या गोष्टीइतकी स्वस्त आणि सुरक्षित जागा नाही. तिथे फसलं तरी खिशातून काही जात नाही.

त्यामुळे आज रात्री घरातल्या लेकराला ही गोष्ट सांगाल, तेव्हा ‘म्हातारी कुठं गेली?’ हे विचारून थांबू नका. भोपळा निघून गेल्यावर वाघ तिथे किती वेळ वाट बघत बसला असेल, हेही विचारा. आणि लेकरू जे सांगेल, ते ऐकून पुन्हा एकदा म्हणा, कामून?