काचपेटीतील गोड्या पाण्याची कोळंबी

पनवेलच्या माणसाला कोळंबी म्हणजे काय हे सांगायला नको. खाडीकाठचे गाव; जवळा, करंदी, सोडे हे शब्द इथे पाळण्यातच कानांवर पडतात. त्यामुळे 'कोळंबी पाळा' असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न येतो, 'आणि खायची कधी?' तेव्हा आधीच सांगून टाकतो, ही कोळंबी खायची नव्हे. ती जेमतेम इंचभर लांब, मिरचीसारखी लाल आणि जन्मभर गोड्या पाण्यात राहणारी आहे. शास्त्रातले तिचे नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. दुकानात 'चेरी श्रिम्प' म्हणून मागावी. चीन, तैवान या बाजूच्या ओढ्यांत ती मूळची मळकट तपकिरी असते. शौकीन लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या लालसर तेवढ्या निवडून तिला हा रंग आणला.

आता कोणी म्हणेल, एवढे लांब कशाला जायचे? आपल्या खाडीतली चार पिल्ले आणून सोडली तर? ती जगणार नाहीत. खाडीच्या जिवाला मीठ हवे. आपल्या नद्यांतली मोठी कोळंबी गोड्या पाण्यात वाढते हे खरे, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस मचूळ पाणीच लागते; शिवाय मोठी झाल्यावर ती शेजाऱ्यांना खाऊन टाकते. चेरी कोळंबीची गोष्ट निराळी. तिच्या अंड्यातून पूर्ण आकाराचे, पण मुंगीहून लहान पिल्लू बाहेर पडते आणि त्याच पाण्यात चरू लागते. नवशिक्याने तिच्यापासून सुरुवात करावी ती यासाठी.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचपेटी घ्या. तीत सुमारे छप्पन्न लिटर पाणी मावते. याहून लहान पेटी स्वस्त पडते खरी, पण थोडे पाणी लवकर तापते आणि लवकर बिघडते. वाळू, काच आणि पाणी मिळून वजन सत्तर किलोच्या आसपास जाते, म्हणून स्टूल मजबूत पाहिजे. वाळू खाडीची नको. मोटरची गाळणीही नको, कारण ती पिल्ले ओढून घेते. साधा हवेचा पंप आणि त्याला जोडलेला स्पंज पुरे. जावा मॉसचे दोन झुबके टाका. तळ्यातले शेवाळ आणण्याचा मोह होईल, पण त्याबरोबर चतुराच्या अळ्या येतात. त्या अळ्या कोळंब्यांवर ताव मारतात आणि दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

पेटी सजली की लगेच कोळंबी आणावीशी वाटते. इथेच बहुतेकांचे घोडे पेंड खाते. नवे पाणी कितीही नितळ दिसले तरी ते कोळंबीसाठी कच्चे असते. जिवाच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, आणि तो विषारी आहे. एका जातीचे जंतू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, ते बरेच सौम्य असते. विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. आपल्या पेटीत ते स्पंजावर आणि वाळूवर वस्ती करतात, पण वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पंप चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकत राहायचे, म्हणजे जंतूंची उपासमार होत नाही. तपासणीच्या संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, म्हणजे पाणी मुरले. मुरल्यावाचून लोणचे खाऊ नये, तसेच हे.

पनवेलच्या पाण्याची दोन अंगे सांगितली पाहिजेत. जुन्या गावाला गाढी नदीवरच्या देहरंग धरणाचे पाणी येते, वसाहतींना इतर योजनांचे, आणि उन्हाळ्यात कित्येक इमारतींना टँकरचे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो कोळंबीला आणि आपल्या जंतूंनाही मारतो. बादलीत पंप लावून एक दिवस ठेवले तर तो उडून जातो. घाई असेल तर क्लोरीन मारणारे थेंब मिळतात. (फोटो धुणारे जो 'हायपो' वापरीत, तोच त्यात असतो.) दुसरे अंग असे की सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून आलेले पावसाचे पाणी मऊ असते, त्यात चुना कमी. कोळंबीला कवच घडवायला चुना लागतो; तो कमी पडला की कात टाकताना ती अडकते आणि मरते. यावर काष्ठौषधीच्या दुकानातला समुद्रफेस चांगला. त्याचा छोटा तुकडा पेटीत टाकून ठेवावा. बोअरचे किंवा टँकरचे पाणी मात्र बरेचदा जड असते, तेथे याची गरज पडत नाही.

तांब्याच्या हंड्यातले पाणी पिण्यास उत्तम मानतात. पेटीत ते कधी घालू नका. कोळंबीचे रक्त तांब्याच्या जोरावर चालते, पण पाण्यात विरघळलेले तांबे तिला फार थोडेही सोसत नाही. माशांच्या पुष्कळ औषधांत तांबे असते, तीही नकोत. डास मारायची कॉइल, विजेवरची बाटली, फवारा यांचे तसेच आहे. कोळंबी ही कीटकांची दूरची नातलग, डासाला जे मारते ते तिलाही मारते. धुरळणीची गाडी आली की खिडक्या लावा आणि पंप थोडा वेळ बंद ठेवा, कारण खोलीतली हवा तोच पाण्यात ढकलतो.

पाणी तयार झाले की दहा कोळंब्या आणा. पिशवी एकदम उपडी करू नका. सलाईनच्या नळीने पेटीतले पाणी थेंब थेंब त्यांच्या भांड्यात सोडा. तास-दोन तास लागू द्या. बदामाच्या झाडाखाली पडलेले वाळके लाल पान, फवारणी नसलेल्या जागेचे, धुऊन पेटीत टाका. महिनाभर त्याच्यावर त्या चरतात. अधूनमधून उकडलेल्या पालकाचा तुकडा द्या. दोन-तीन तासांत संपेल एवढेच द्यावे, उरलेले काढून टाकावे. उपाशी मेलेल्या कोळंब्यांपेक्षा मालकाच्या मायेने मेलेल्या जास्त!

एक दिवस तळाशी कोळंबी निपचित पडलेली दिसेल. घाबरू नका, नीट पाहा. पोकळ आणि पारदर्शक असेल तर ती टाकलेली कात आहे, तशीच राहू द्या, बाकीच्या ती खातात. दुधट किंवा शिजवल्यासारखी गुलाबी असेल तर मात्र मेलेली. ती लगेच काढावी.

एप्रिल-मे हे कसोटीचे महिने. पाणी अठ्ठावीस अंशांच्या आत राहील तर बरे. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. झाकण काढून पाण्यावर टेबलपंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात, पण खाडीची दमट हवा असेल त्या दिवशी तेवढे नाही. आटलेल्या पाण्याच्या जागी घरच्या आरओ यंत्राचे घाला, कारण वाफ होताना क्षार मागेच राहतात. वीज जाते त्या वेळेसाठी सेलवर चालणारा पंप जवळ असावा.

पेटी जमली की संख्या वाढते, आणि मग जास्तीच्या कोळंब्या वडाळे तळ्यात किंवा गाढीत सोडाव्यात असे दयाळू माणसाला वाटते. ते करू नये. जर्मनीत गिलबाख नावाचा ओढा वीजकेंद्राच्या सांडपाण्याने कोमट राहतो. तेथे कोणी सोडलेल्या या कोळंब्यांची आता वस्ती झाली आहे. आपले पाणी तर बारा महिने कोमट! जास्तीच्या कोळंब्या स्नेह्याला द्या, रुंद तोंडाच्या बरणीत, सकाळच्या गारव्यात.

मादीच्या पोटाखाली पिवळसर अंड्यांचा घोस दिसला की दिवस मोजू लागा. ती पायांनी अंडी सतत हलवीत असते, तेव्हा पाणी बदलण्याची गडबड करू नका. तीन-चार आठवड्यांनी घोस नाहीसा होईल. मग भिंग घेऊन जावा मॉसमध्ये पाहा.