माणशी अनुदान, महिन्याचे भाडे

अमेरिकेत निर्वासितांचे पुनर्वसन करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना मिळणारे मुख्य सरकारी अनुदान माणशी ठरते. पाच जणांचे कुटुंब विमानातून उतरले की पाच जणांचे पैसे संस्थेच्या हिशेबात धरले जातात. कुटुंब आलेच नाही तर तेवढी रक्कमही येत नाही. महाराष्ट्रात अनुदानित वसतिगृह चालवणाऱ्यांना ही पद्धत परकी वाटू नये. तिथेही परिपोषण अनुदान विद्यार्थ्यांच्या संख्येवर मिळते, आणि इमारत, स्वयंपाकीण, दिवाबत्ती यांचा खर्च पट घटला म्हणून घटत नाही.

या व्यवस्थेचा पाया 1980 चा निर्वासित कायदा. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी 17 मार्च 1980 रोजी त्यावर सही केली. त्याआधीही चर्च आणि ज्यू संस्था व्हिएतनाममधून, सोव्हिएत संघातून आलेल्यांना आसरा देत होत्या, पण सरकारी पैसा प्रसंगानुरूप मिळे. कायद्याने कामाची वाटणी केली: आगमनानंतरचे पहिले काही आठवडे परराष्ट्र खात्याकडे, पुढचा काळ आरोग्य व मानवसेवा खात्यातल्या निर्वासित पुनर्वसन कार्यालयाकडे. 2025 पर्यंत परराष्ट्र खाते इंटरनॅशनल रेस्क्यू कमिटी, हायास, चर्च वर्ल्ड सर्व्हिस, वर्ल्ड रिलीफ अशा मोजक्या राष्ट्रीय संस्थांशी सहकार्य करार करत असे आणि त्या संस्था आपल्या शहरोशहरीच्या कार्यालयांकडे पैसा व माणसे सोपवत.

हा करार वाचताना आश्चर्य वाटते ते त्यातल्या बारकाव्यांचे. विमानतळावर घ्यायला माणूस हवा आणि त्याच्यासोबत भाषेची सोय हवी. घरात पोहोचताच त्या लोकांच्या खाण्याच्या रीतीला साजेसे, लगेच पुढ्यात घेता येईल असे अन्न हवे. सामानाची यादी तर घर मांडणाऱ्या बाईने केल्यासारखी आहे: माणशी एक ताट-वाटी-पेला, माणशी एक टॉवेल, प्रत्येक पलंगाला चादरी आणि पांघरूण, कढई, डबे उघडायची चावी, बल्ब, साबण, दात घासायचे ब्रश, कागद-पेन, गजराचे घड्याळ. वस्तू नवी नसली तरी चालते. स्वच्छ आणि वापरण्याजोगी असली पाहिजे. आल्यानंतर लगेच घरभेट, महिन्याभरात आरोग्य तपासणी, मुलांची शाळेत नोंद, सामाजिक सुरक्षा क्रमांकाचा अर्ज. प्रत्येक गोष्टीची तारीखवार नोंद फाइलमध्ये लागते. कार्यकर्त्याने रात्री अकराला विमानतळावरून कुटुंब घरी पोहोचवले तरी ती नोंद झाल्याशिवाय सरकारच्या लेखी ते काम झालेले नसते. नोंदींचा हा भार जाचक वाटतो, पण भाषा न येणाऱ्या कुटुंबाला घरात खरोखर पलंग मिळाला की नाही हे दूरच्या कार्यालयाला कळण्याचा दुसरा मार्गही नाही.

पैशाचे गणित पाहिले की ताण कळतो. 2010 च्या जानेवारीत माणशी रक्कम 900 वरून 1,800 डॉलर झाली, कारण महागाईने जुन्या रकमेत भाडेही भागेनासे झाले होते. त्या 1,800 पैकी किमान 1,100 डॉलर थेट निर्वासितांसाठी खर्च करायचे आणि 700 संस्थेच्या पगार-भाडे-पेट्रोलसाठी. नंतर दर वाढत गेला, मांडणी तीच राहिली. पाच जणांच्या कुटुंबाला 5,500 डॉलर मिळाले, तर अनामत आणि पहिले भाडे देऊन थोडे उरते. एकट्या माणसाच्या 1,100 डॉलरमध्ये खोलीचे भाडे देऊन जवळपास काहीच उरत नाही, म्हणून एकट्यांना दोघा-तिघांत एक घर करून देण्याकडे कल असतो. मोठ्या कुटुंबाची अडचण उलट: पैसे पुरतात, पण सात-आठ जणांना घर द्यायला घरमालक तयार होत नाही.

दुसरा महत्त्वाचा प्रवाह जोड अनुदानाचा. सरकारी रोख साहाय्यावर न जाता काही महिन्यांतच कुटुंब स्वतःच्या कमाईवर उभे राहावे, यासाठी ते आहे. संस्थेने समाजातून 1 डॉलर उभा केला की सरकार 2 देते. हा डॉलर सगळा रोख असावा लागत नाही. कुणी दिलेला सोफा, हिवाळी कोट, एखाद्या निवृत्त शिक्षिकेने इंग्रजी शिकवण्यात घालवलेले तास, हे सारे वाजवी किंमत लावून जमेत धरता येते. मात्र काही हिस्सा रोखच लागतो. त्यामुळे गोदामात सोफा उतरवताना देणाऱ्याची सही आणि किंमत लिहून घेणे हेही निधी उभारण्याचेच काम ठरते. या सगळ्या व्यवस्थेतला हा सर्वात शहाणा भाग म्हणावा लागेल, कारण त्यामुळे शेजाऱ्यांना संस्थेच्या दारात यावे लागते आणि ओळखी होतात.

निर्वासितांचे विमानाचे तिकीट फुकट नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ते बिनव्याजी कर्ज असते आणि फेड साधारण सहा महिन्यांनी सुरू होते. वसुलीचे काम पुनर्वसन संस्थांकडेच असून वसूल रकमेचा 25 टक्के भाग त्यांना ठेवता येतो. ज्याने घर लावून दिले त्यानेच हप्त्याची आठवण करून द्यायची, ही जोडी खटकते. पण तंगीच्या वर्षांत या हिश्श्याने संस्थांना हात दिला आहे.

बराचसा पैसा आधी खर्च करून मग मागायचा असतो, तोही तासांचा हिशेब देऊन. एकाच दुपारी कार्यकर्ती एका आईला दवाखान्यात नेते आणि येताना दुसऱ्या घरच्या मुलाला नोकरीच्या मुलाखतीला सोडते, तेव्हा त्या दुपारचे तास दोन वेगळ्या अनुदानांत वाटून लिहावे लागतात. वर्षाला ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त संघीय पैसा खर्चणाऱ्या संस्थेला विशेष लेखापरीक्षण लागते. ही मर्यादा अलीकडे साडेसात लाखांवरून दहा लाख डॉलर झाली.

माणशी पद्धतीचा खरा घाव आगमने आटतात तेव्हा बसतो. 2016 च्या आर्थिक वर्षात 84,994 निर्वासित आले, 2020 मध्ये 11,814. अनेक शहरांतली कार्यालये बंद झाली आणि त्यांच्याबरोबर सोमाली, नेपाळी, अरबी बोलणारे दुभाषे, घरमालकांशी जुळलेले संबंध, शाळांतल्या ओळखी गेल्या. पुढे संख्या वाढू लागल्यावर हे सगळे नव्याने उभारावे लागले. 2024 मध्ये 1,00,034 जण आले. 24 जानेवारी 2025 रोजी संस्थांना काम थांबवण्याचा आदेश मिळाला तेव्हा त्याआधीच्या महिन्यांत आलेल्या कित्येक कुटुंबांचे मदतीचे पहिले 90 दिवस पुरे झालेले नव्हते. भाड्याचा शब्द देऊन झाला होता, प्रतिपूर्तीचे पैसे यायचे होते. संस्थांनी देणगीदारांना हाक दिली आणि कर्मचारी कमी केले. 2026 साठी निर्वासितांच्या प्रवेशाची कमाल मर्यादा 7,500 ठरली.

कार्यालय बंद झाले तरी हिशेब संपत नाही. शेवटचा आर्थिक अहवाल दिल्यापासून 3 वर्षे प्रत्येक फाइल जपून ठेवावी लागते: भाड्याच्या पावत्या, घरभेटींच्या नोंदी, आणि गजराचे घड्याळ मिळाल्याची कुटुंबप्रमुखाची सही.